शेरा

तलाठी म्हणून माझी पहिली सजा सोलापूरला लागून, बोरामणीकडची.
फिरायला सायकल, दप्तर ठेवायला मारुतीचं देऊळ.
सर्व्हे नंबर एकशे बारा, पोट दोन,
नऊ एकर चौदा गुंठे, पैकी सव्वा एकर खराब,
आकार दोन रुपये सहा आणे
(आणे बंद झाले, दप्तरात चालू होते),
कब्जेदार: राजलिंगम सायन्ना गाजुल.
इतर हक्कात लाल शाईनं:
लष्करी कामगिरीबद्दल. नवीन अविभाज्य शर्त.
सलग तीन वर्षं पडीक ठेवल्यास सरकारजमा.

गाव त्याला मिल्ट्री म्हणायचं.
करीमनगराकडून, निजामाची हद्द ओलांडून
मामाचं बोट धरून आला तेव्हा नऊ वर्षांचा.
साखर पेठेत एका खोलीत तीन माग, अकरा माणसं.
हा झोपायचा मागाच्या खड्ड्यात, पाय दुमडून.
तिथून मद्रास सॅपर, तिथून बोट,
तिथून इटलीतली एक नदी,
जिचं नाव त्याच्या तोंडात कधी बसलं नाही.
काम एकच. पोटावर पडायचं,
संगिनीचं टोक तिरकं मातीत खुपसत सरकायचं,
वीतभर, पुन्हा वीतभर,
टणक काही लागलं की श्वास धरायचा.
"मेल्लगा," तो स्वतःला बजावायचा. हळू.
पुढं हा एवढा तेलुगू शब्द
त्याच्या बैलांनाही कळायचा.

डाव्या हाताची दोन बोटं तिकडंच राहिली.
उरलेल्या तिनांनी तो कुंपणाच्या तारेला
विणकराची गाठ मारायचा.
मी एकदा सोडवून पाहिली. सुटली नाही.

बालमणीनं, त्याच्या बायकोनं,
पहिली दोन वर्षं नुसते दगड वेचले.
बांध छातीला आला.
"शेत कुठंय?" ती विचारायची.
"खाली आहे," तो म्हणायचा.

विहिरीचं मी फक्त ऐकलेलं.
वडार आले, बघून म्हणाले, बारा हातांवर कातळ,
चार सुरुंग लावू, पंधरवड्यात पाणी.
सुरुंग.
आपल्या भाषेत दोन्हींना शब्द तोच.
त्यानं त्यांना भाकरी वाढली, वर शेंगाचटणी,
आणि परत पाठवलं.
मग छिन्नी, पहार, सहा उन्हाळे.
पाणी लागलं तेव्हा आवाज झाला नाही,
बालमणी सांगायची,
नुसती त्याची सावली ओली दिसली.

मी गेलो खरिपाच्या पाहणीला.
बाजरी गुडघ्याला. वायव्येला मात्र अर्धा एकर
मोकळा, गवताळ, आणि मधोमध
खुंट्यांवर ताणलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या,
पांढरा चौकोन.
मी पाय उचलला तसा त्यानं दंड धरला,
तीन बोटांची ती पकड नव्हतीच.
"मेल्लगा, सायेब."
तो पोटावर झाला.
मलाही व्हायला लावलं, नव्या पँटीनिशी, चिखलात.
सरकत गेलो. वीतभर. पुन्हा वीतभर.
उघड्या मुरमावर, काडीचाही आडोसा नाही,
एकच अंडं. माळढोकाचं.
मातीहून वेगळं काढायला डोळ्यांना वेळ लागला.
"चार वर्षं इथंच येती," तो कुजबुजला.

बांधावर येऊन मी त्याला शर्त वाचून दाखवली.
लाल शाईतली, सबंध.
त्यानं हात मागं बांधून ऐकली.
"खूण केल्यावर पाय देत नाहीत, सायेब.
सरकारनंच शिकवलं."
आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

देवळात बसून तक्ता भरला.
नोकरीत खोटं पुष्कळ लिहिलं,
कुणाकुणाच्या सांगण्यावरून,
एकदा चाळीस रुपयांवरून.
हे तेवढं कुणी न सांगता:
बाजरी, जिरायत, वीस गुंठे.
शेरा: उगवण विरळ.